बाईच्या फोनवरून आला तर जिवंत

सिस्टरबाईंना गावातल्या कुणाचंही नाव लक्षात राहत नसे. वजन मात्र राहत असे. आणि वजन म्हणजे आजचं नव्हे, जन्माच्या वेळचं. आमच्या गावात गेली कित्येक वर्षं बॅनरवर 'भावी सरपंच' म्हणून झळकणारा एक गृहस्थ आहे. गाव त्याला नुसतं 'भावी' म्हणतं. अंगानं असा, की प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठला की खुर्चीही बरोबर उठते. भर चौकात, चार कार्यकर्त्यांच्या देखत बाई त्याला म्हणायच्या, "काय रे पावणेदोन किलो, लई मोठ्यानं बोलायलास? कापसात गुंडाळून ठिवला हुता तुला म्या. मांजराच्या पिलागत आवाज निगायचा." त्यानंतर त्या दिवशीच्या उरलेल्या भाषणात भावीचा आवाज खरोखरच मांजराच्या पिल्लागत निघे.

आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारं. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात बाई तीस-बत्तीस वर्षं नर्स होत्या. आसपासच्या पाच वाड्यांमध्ये ज्याला म्हणून बेंबी आहे, त्याच्या बेंबीवर बाईंची सही आहे, असं लोक म्हणत. मी स्वतः तीन किलोचा. पण उलटा आलो. आधी पाय, मग बाकीचा मी. त्यामुळे बाईंनी मला वजनाऐवजी 'पायाळू' हे नाव दिलं आणि गावानं ते उचललं. "जगात यायच्या आधीच पळून जायची तयारी करून आलतं हे," असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. कुठे? तर लग्नाच्या मांडवात, अक्षता पडून पाच मिनिटंही झाली नसताना.

माझं चौकात दुकान आहे. फ्लेक्स, झेरॉक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो. आमच्या धंद्याचं एक शास्त्र आहे, ते इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या शास्त्रानं झाला. वाढदिवस असेल तर फोटो रंगीत. गॉगल, गुलाल, मागे उडणारी कबुतरं, काय वाटेल ते. आणि माणूस गेला असेल तर फोटो काळापांढरा. बस्. खाली एक अक्षर लिहिलं नाही तरी चालतं. आमच्या भागात माणसाचा रंग काढून घेतला की तो गेला, हे पोरासोरांनाही कळतं. गेलेल्या माणसाच्या घरचे बॅनरसाठी पहिल्यांदा माझ्याकडेच येत, म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो काळापांढरा फोटो टाकायचा मानही आपोआप माझ्याकडेच आला होता.

निवृत्तीनंतर बाई बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहत. यजमान आधीच गेलेले. मुलगा मिलिंद पुण्याला चांगल्या नोकरीत, अकराव्या मजल्यावर. बाई एकदा पंधरा दिवस तिथे राहून आल्या होत्या. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी सहज, ओळख वाढावी म्हणून विचारलं, "तुमचं वजन किती हुतं हो?" दुसऱ्या दिवसापासून त्या गृहस्थानं जिना धरला. "अकरा मजले चढायचा बिचारा," बाई सांगत. "माझ्यामुळं त्याची तब्येत सुदरली. पण बोलायला कुणी राह्यलं न्हाई."

मग एके दिवशी बाई न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. मिलिंद गाडी घेऊन आला. बाई हलल्या नाहीत. तो परत गेला, पण रोज फोन करू लागला. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी बाई माझ्या दुकानात बसल्या होत्या आणि फोन स्पीकरवर काउंटरवर ठेवलेला होता, त्यामुळे पुढच्या कराराचा मी साक्षीदार आहे. मिलिंदची मुलगी सम्यका तेव्हा कॉलेजात होती आणि तिच्या मैत्रिणींमध्ये एक चॅलेंज चाललं होतं. तीस दिवस, रोज एक काळापांढरा फोटो. खाली काही लिहायचं नाही.

"आजी, तूपण घे ना हे चॅलेंज," ती म्हणाली.

"रंग हायेत तर काढून कशाला टाकायचे गं?"

"रंग काढला ना, की माणूस नीट दिसतो."

"खरं हाय," बाई म्हणाल्या. "कावीळ तेवढी दिसायची न्हाई."

इथे मिलिंदनं फोन ओढून घेतला. "आई, ऐक. तू म्हणतेस ना, मी धडधाकट आहे? मग रोज घराबाहेर पडून एक फोटो काढायचा आणि दिवस मावळायच्या आत पाठवायचा. तू हिंडतीफिरती आहेस हे मला रोज डोळ्यांनी दिसू दे. तीस दिवस झाले तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. पण एक जरी दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. मग वाद घालायचा नाही."

"न्हाई घालत," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "पायाळू, ह्याच्यात काळंपांढरं कुठं असतंय ते दाव. आन् हळू दाव. माझं घर पणाला लागलंय."

पहिले तीन फोटो बाईंच्या अंगठ्याचे आले. दोन अंगठ्याचेच, तिसऱ्यात अंगठ्याच्या मागे थोडी म्हैस. मिलिंदनं तिन्ही मान्य केले. म्हशीमुळे घराबाहेर गेल्याचा पुरावा झाला होता. चौथ्या दिवसापासून मात्र बाईंना लय सापडली, कारण त्यांनी फोटो काढायची पद्धत लसीकरणाच्या पद्धतीवर नेऊन बसवली. खांद्याला जुनी निळी पिशवी, सकाळी आठला घराबाहेर, एक गल्ली धरायची आणि दारोदार जायचं. फोटो काढण्याला त्या 'टोचणं' म्हणत. "आज कुणाला टोचायचं राह्यलंय?" असं विचारत आल्या की पोरं पळत. समोर उभ्या केलेल्या माणसाला म्हणत, "हालू नको. श्वास घे. झालं, दुखत न्हाई." सवयीचा भाग असा, की बाईंनी हात उचलला की चांगली चाळिशीची माणसं आपोआप बाही वर करून दंड पुढे करत. सम्यका म्हणायची, आजीच्या फोटोंत सगळे असे एका बाजूला वाकलेले का असतात?

आता घ्या भानुदासअण्णांची गोष्ट. अण्णा बाईंपेक्षाही वयानं मोठे, त्यामुळे बाईंना त्यांचं वजन ठाऊक नव्हतं आणि हे त्यांना कायम खटके. त्या दिवशी दुपारी अण्णा ओट्यावर उताणे झोपले होते. तोंड उघडं, हात छातीवर जुळलेले, पांढरा सदरा. ऊन तिरपं. बाईंना वाटलं, काय झाक फोटो हाय. टोचला. रंग काढला. घरच्या ग्रुपवर पाठवला आणि सम्यकानं सांगितलं होतं की चॅलेंज चारचौघांना दिसलं पाहिजे, म्हणून गावच्या ग्रुपवरही टाकला. नियमाप्रमाणे खाली एक अक्षर नाही.

दहा मिनिटांत भावपूर्ण श्रद्धांजलींची रांग लागली. विहाराच्या गल्लीनं भावपूर्ण आदरांजली वाहिली. हात जोडलेले, फुलं, दिवे, रडणारी तोंडं. ज्या पोरांना अण्णांनी उसाच्या फडातून काठी घेऊन हाकललं होतं, त्यांनी 'आमचा आधारवड कोसळला' असं लिहिलं. अण्णांच्या बांधाला बांध असलेला तुकाराम, ज्याच्याशी त्यांची बारा वर्षं बोलचाल नव्हती, त्यानं 'देवमाणूस हरपला' असं लिहून तीन वेळा पाठवलं. नेट हळू होतं, म्हणून दोनदा जास्त गेलं असावं. मला भावीचा फोन आला. आवाज गहिवरलेला. "अण्णाचा बॅनर टाक रे. दहा बाय आठ. वर अण्णा छोटे, खाली मी मोठा. आन् मी जरा रडल्यागत दिसलो पायजे." मी कामाला लागलोसुद्धा! भावीचे सगळे फोटो हसरे. त्याला कॉम्प्युटरवर रडवायला मला अर्धा तास लागला.

इकडे अण्णांच्या धर्मापुरीच्या बहिणीला बातमी पोचली. ती जीप करून आली आणि वेशीपासून हंबरडा फोडत, छाती पिटत ओट्यापर्यंत आली. अण्णा नुकतेच उठून चूळ भरत होते.

"आलीस? बरं झालं. चहा ठिवलाय," अण्णा म्हणाले.

बहीण जागच्या जागी थिजली. मग पायातली चप्पल काढून तिनं सख्ख्या, वडील भावाला दोन हाणल्या. "मेल्या, जित्ता हायेस व्हय? मी शेंगाचं खळं सोडून आलते!"

खरी गंमत पुढे आहे. नातवानं सगळे संदेश अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले. अण्णा डोळे मिटून, मान हलवत, एखाद्या मानपत्राचं वाचन ऐकावं तसे ऐकत राहिले. 'देवमाणूस' आलं तेव्हा त्यांनी तुकारामाला बोलावून घेतलं. तुकाराम बिचारा ओशाळून आला. अण्णा म्हणाले, "बारा वर्सं हे पोटात ठिवलं हुतंस? जित्तेपणी बोलायला काय झालतं बे?" तुकाराम म्हणाला, "तुमी जित्ते होता ना, म्हणून." आणि दोघांनी एकाच बशीतून चहा प्यायला. तुकाराम गेल्यावर अण्णांनी नातवाला पुन्हा यादी तपासायला लावली. कोणी कोणी काहीच लिहिलं नाही, त्यांची नावं पाठ केली आणि पुढे महिनाभर ती माणसं दिसली की विचारत, "काय रे, मी मेलो तरी तुला काईच वाटलं न्हाई?"

पण त्या दिवशी संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बैठक बसली. बायकांचं म्हणणं, काळा फोटो अपशकुनी; बाईंनी हे बंद करावं. बाई उभ्या राहिल्या. दोन्ही हात कमरेवर. "बंद केलं की पोरगं मला घिऊन जातंय," त्या म्हणाल्या. "अकराव्या मजल्यावर. जा म्हणता का मला? म्हणा. एकानं तरी म्हणा." त्या एकेकाकडे बोट दाखवत सुटल्या. "तू म्हण, अडीच किलो. तू? तुझ्या गळ्यात नाळेचा वेढा हुता, तो सोडवताना माझं बोट कापलं, हे बग. तू म्हणतोस?"

शेवटी तोडगा अण्णांनीच काढला. ज्याचं मरण त्याचाच निकाल, हे सगळ्यांना पटलं. ठरलं असं, की काळापांढरा फोटो बाईच्या फोनवरून आला तर माणूस जिवंत, आणि पायाळूच्या फोनवरून आला तर गेला. सोपं, सरळ, पोरालाही समजेल असं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हे प्रकरण पुढे माझ्याच गळ्यात येणार आहे, हे मला काय माहीत!

त्यानंतर तर गावात उलटंच झालं. अण्णांची झालेली वाहवा बघून प्रत्येकाला वाटू लागलं, आपलाही एकदा काळापांढरा निघावा. माणसं दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून बाईंच्या वाटेवर उभी राहू लागली. भावी तीन वेळा आडवा आला. बाईंनी त्याला तिन्ही वेळा बाजूला सारलं. "सरक, तू रोज बॅनरवर असतोस. तुझा डोस झाला." गावातली सुरेखा नावाची सून, नवव्या महिन्याची, रोज म्हणायची, "बाई, माझा काढा ना." बाई म्हणत, "तुमच्या दोघांचा मिळून काढीन. थांब जरा."

आणि सतराव्या दिवशी सगळं हातातून जायची वेळ आली. त्या दुपारी सुरेखाला अचानक कळा लागल्या. बाई निवृत्त, त्यांचा काही संबंध नाही. पण सुरेखा त्यांचा हात सोडेना, तेव्हा बाई गाडीत बसल्या आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिच्याबरोबर गेल्या. मी मागून मोटारसायकलवर. बाळंतपण लांबलं. बाई बाकावर बसून राहिल्या. कुणाला काही विचारत नव्हत्या, फक्त दारातून बाहेर येणाऱ्या नर्सच्या तोंडाकडे बघत होत्या. मी दोनदा म्हणालो, "बाई, फोटो!" त्यांनी मला हातानं गप्प केलं. खिडकीबाहेरचं ऊन तांबूस झालं. मी तिसऱ्यांदा म्हणालो, "बाई, दिवस मावळतोय. मिलिंद गाडी काढील."

"काढू दे," त्या म्हणाल्या. "आधी आवाज येऊ दे."

आवाज आला. काय सणसणीत! बाईंनी डोळे पुसले आणि ताडकन उठल्या. आत गेल्या, बाहेर आल्या, आणि फोन माझ्या हातात दिला. फोटोत टीचभर तळवा होता. फक्त तळवा, सुरकुतलेला, सुपारीएवढ्या टाचेचा. "पाठव," त्या म्हणाल्या. मी खिडकीतून पाहिलं. सूर्याची एक कड अजून शिल्लक होती. पाठवला. पुण्याहून मिलिंदचं उत्तर आलं. रोज नुसता अंगठा यायचा, त्या दिवशी शब्द आले. 'कुणाचं?' बाईंनी मला लिहायला सांगितलं, "सुरेखाचं. दोन किलो नऊशे." परत येताना त्या एकच वाक्य बोलल्या. "पुण्यात माझा हात धरायला कोण येणार हाय, पायाळू?"

मग एकोणीस, बावीस, सव्वीस. गाव आकडे मोजायला लागलं. चौकात पोरं विचारायची, "बाई, किती राह्यले?" आणि तिसावा दिवस उजाडला. सकाळी बाई पाण्याच्या टाकीत डोकावल्या, पाणी किती आहे बघायला, आणि छातीशी खोचलेला फोन बुडुक करून टाकीत. काढला, पुसला, तांदळात घातला, उन्हात ठेवला. तो काही शुद्धीवर आला नाही. दहाच्या सुमाराला बाई माझ्या दुकानात हजर.

"तुझ्या फोननं काढ," त्या म्हणाल्या. "शेवटचा हाय. आन् माझाच काढ. महिनाभर गावाला टोचलं, आज मला टोच."

मी त्यांना दुकानाबाहेर निंबाखाली उभं केलं. त्या ताठ उभ्या राहिल्या, ओळखपत्राला राहतात तशा. मी म्हणालो, "बाई, भावीला खरंच कापसात गुंडाळला हुता का?" आणि त्या जे हसल्या! डोळे मिटून, मान मागे टाकून. मी नेमका तेव्हाच टोचला. रंग काढला. आजवर मी हजारो फोटो काढले. तसा एकही नाही. बाई म्हणाल्या, "मिलिंदला पाठव," आणि समाधानानं बाजारच्या रस्त्यानं मेथी आणायला निघून गेल्या. मिलिंदचा नंबर माझ्याकडे नव्हता. पण तो गावच्या ग्रुपवर होताच. मी फोटो ग्रुपवर टाकला. नियमाप्रमाणे खाली काही लिहिलं नाही. फोन चार्जिंगला लावला, शटर अर्धं ओढलं आणि जेवायला घरी गेलो. जेवलो. वर थोडा आडवा झालो.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पुढचं मला बाईंनीच सांगितलं. त्या मेथीची जुडी घेऊन घराकडे येत होत्या, तर समोरून, बाजूनं, मागून बायका पदर खोचून पळताहेत. पुरुष डोक्याची टोपी हातात घेऊन पळताहेत. सुरेखा तर पंधरवड्याचं बाळ घेऊन पळतेय. त्याही पळायला लागल्या, गुडघे दुखत असताना. शेजारून पळणाऱ्या एका बाईला त्यांनी विचारलं, "अगं, कोण गेलं?" ती न बघताच रडत म्हणाली, "सिस्टरबाई गेल्या हो!" बाईंना घाईत एवढंच कळलं, की कुणीतरी आपलं गेलंय. त्या "आगं माय गं!" म्हणून रडत तशाच पळत राहिल्या. गर्दी वळली तशा वळल्या आणि थांबल्या तर समोर त्यांचंच दार. दाराला कुलूप. ओट्यावर अण्णा धाय मोकलून रडत होते. तुकाराम त्यांची पाठ चोळत होता.

"सरका जरा," बाई म्हणाल्या. "कुलूप काढू द्या."

सगळे शिस्तीत सरकले. बाईंनी कुलूप काढलं, दार उघडलं, आत गेल्या. पाच सेकंद काहीच नाही. मग बाहेर अशी काही किंकाळी उठली, की मी तिकडे घरी झोपेतून उठून बसलो. बाई मेथीची जुडी हातात घेऊन परत दारात आल्या. एव्हाना त्यांनाही सगळं उमगलं होतं. गर्दीवर नजर फिरवली, कमरेवर हात ठेवले.

"एवढे लोक!" त्या कडाडल्या. "पोलिओच्या डोसाला गल्लोगल्ली भोंगा घिऊन बोलवायचे मी, तव्हा कुठं हुता रे सगळे?"

तोवर पुण्याहून मिलिंद निघाला होता. त्यानं फोटो पाहिला, आईला फोन लावला, तो बंद. मला लावला, तर फोन दुकानात चार्जिंगला आणि मी घरी घोरत होतो. मग त्याला सांत्वनाचे फोन येऊ लागले, एकामागून एक, त्यामुळे 'बाई जिवंत आहेत' हे सांगणाऱ्या माणसाचा फोन लागेचना. ग्रुपवर सुरेखाच्या नवऱ्यानं लिहिलं, 'बाई ठणठणीत आहेत', तर त्याच्या खाली आणखी सात श्रद्धांजली. वरचं वाचतंय कोण! अर्धा रस्ता संपल्यावर कुठेतरी चहाच्या टपरीपाशी बरोबर निघालेल्या सम्यकाला निरोप मिळाला. ती सांगत होती, बाबा गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्यामुळे चारच्या पुढे तो गावात पोचला, तेव्हा रडत नव्हता. संतापलेला होता. मी कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. माझ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. ते मी सांगत नाही.

"बास, आई," तो म्हणाला. "बॅग भर. आज मी तुला घेऊनच जाणार. फोन बंद, कुणी उचलत नाही, मला काय कळायचं? उद्या खरंच पडलीस तर? शिवाय आजचा फोटो तुझ्या फोनवरून आलाच नाही. तू हरलीस."

ओट्यावर, अंगणात, गल्लीत माणसंच माणसं. रडायला आलेली, ती चहाला थांबली होती. चहा झाला तरी कुणी उठलेलं नव्हतं. आता सगळी मिलिंदकडे बघत होती. सुरेखाचं बाळ तेवढं कुरकुरत होतं. बाईंनी मिलिंदला पाणी दिलं. त्यानं पिईपर्यंत थांबल्या.

"किती वेळ लागला तुला यायला?"

"सहा तास. गाडी पळवत आणली तरी."

"हां," बाई म्हणाल्या. मग अंगणाकडे मान वळवली. "ह्येंच्याकडं बग. मी मेले म्हणून कळलं, तर माझ्या घरी ही माणसं माझ्या आधी पोचली हुती."

मिलिंदनं ग्लास खाली ठेवला. अण्णांकडे पाहिलं, त्यांचे डोळे अजून सुजलेले होते. दाराशी चपलांचा हा ढीग होता. आणि मग त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. सम्यका हसली, मग अंगण हसलं. हसताना मिलिंदच्या डोळ्यांतून जे वाहत होतं, ते बाईंनी पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "मेथी केलीय. जेवून जा."

पुढे बाई शेवटपर्यंत गावातच राहिल्या, चांगली चार वर्षं. मिलिंदनं शब्द पाळला. पण त्या दिवशी निघताना तो गावातल्या अकरा जणींचे नंबर घेऊन गेला, आणि मला वगळून गेला, हे नोंदवून ठेवतो.

तो निघाला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. सम्यका मागे बसली. पुढची सीट त्यानं आईसाठी मागे सरकवून, गुडघे मोकळे राहतील अशी करून आणली होती, वर उशी ठेवली होती. बाईंनी त्या सीटकडे पाहिलं. मग अण्णांच्या घरून ज्वारीचा एक कट्टा, भरलेलं पोतंच, मागवला आणि अण्णांच्या नातवानं आणि मी तो उचलून त्या उशीवर ठेवला. मिलिंद स्टिअरिंगपाशी बसला. गाडी सुरू केली, तर ती टुक-टुक-टुक करून ओरडायला लागली. थांबेचना.

"काय झालं तिला?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या माणसानं पट्टा लावला नाही म्हणून ओरडते आहे," मिलिंद म्हणाला.

त्यानं वाकून कट्ट्याच्या पोटावरून पट्टा ओढला, खटका लावला, गाडी गप्प झाली. बाई खिडकीतून आत वाकल्या, कट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला होऊन म्हणाल्या, "जा आता. सावकाश ने."